पन्हळीखालची कळशी

सदाशिव गुरव गेले. चैत्रातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी, ऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत यायच्या आत. वय सत्तरीपुढचं, नेमकं कोणालाच माहीत नव्हतं. गावच्या रवळनाथाची पूजा आणि गाऱ्हाणं ही त्यांची वंशपरंपरेची कामं. शेवटच्या अंघोळीचं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीवरून आणण्यात आलं.

मामा, बातमी मी एवढीच लिहिली असती, आणि संपादकांनी तिचं शेवटचं वाक्य खोडलं असतं. पाणी कुठून आणलं याचा वाचकाला काय उपयोग, असं विचारलं असतं. मीही हाताखालच्या वार्ताहरांना तेच विचारत आलो आहे. तुला कारण सांगायला नको. तुझ्या पडवीत बसलं की झऱ्याची पन्हळ ऐकू यायची. खालची वाडी दोन चढ-उतारांपलीकडे आहे. त्या सकाळी चार बायका आणि दोन पुरुष घागरी घेऊन गेले आणि आम्ही बाकीचे तुझ्याजवळ बसून राहिलो. पाणी यायला वेळ लागला. तुला थांबावं लागलं.

आज बारावा दिवस आहे. मला तुझ्याशी एका बातमीबद्दल बोलायचं आहे. ती तुला पाठ होती.

ज्यांनी आपलं गाव पाहिलेलं नाही त्या वाचकांसाठी चार ओळी लिहितो. तू त्या सोडून दे. गावाच्या वर डोंगराच्या उताराला रवळनाथाची राई. राई म्हणजे देवाचं रान. तिथली फांदीसुद्धा तोडायची नाही असा जुना रिवाज. तिचे तीन भाग धरावेत: माथा, मधला उतार, आणि अगदी खाली, झऱ्यावर वाकलेला एक लहान तुकडा. त्या तुकड्याखालच्या खडकातून झरा निघतो. झऱ्याच्या तोंडाशी पोफळीच्या कोरलेल्या खोडाची पन्हळ बसवलेली. पन्हळीतलं पाणी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळतं. व्हाळाला दरवर्षी पावसाळा सरल्यावर माती-दगडांचा बांध घालतात आणि पाणी पाटाने शेतांकडे वळवतात. त्या पाण्यावर वायंगण होतं, म्हणजे पावसाळी भात कापल्यावर घेतलेलं दुसरं भात. किती कुणग्यांत, म्हणजे खाचरांत, वायंगण लावायचं हे झऱ्यावर अवलंबून, आणि झऱ्यात किती पाणी आहे ते सांगणारा तू.

तुझी मोजण्याची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. देवदिवाळीच्या दिवशी देवाची तांब्याची कळशी पन्हळीखाली ठेवायची आणि गाऱ्हाणं सुरू करायचं. तू देवाकडे एकेक मागणं मांडायचास, मामी मागे उभी राहून प्रत्येकाला होकार भरायची. कळशी तोंडावरून वाहायला लागेपर्यंत किती होकार झाले, ते मोजायचं. होकार कमी, तर पाणी जास्त. शिमग्याला, पाणी उतरलेलं असताना, पुन्हा एकदा.

"बा देवा रवळनाथा, बारा वाडयेच्या म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"हेंच्या गुराढोरांक, पोराबाळांक पाणी पुरांदे."

"व्हय म्हाराजा. आणि जरा बेगीन सांगा, माका चुलीर भात आसा."

"गो, देवाच्या गाऱ्हाण्यात भात खंयसून इलो?"

"वायंगणातसून इलो. म्हणा फुडे."

गावकरी हसायचे. मग तू कळशी ओतून टाकायचास आणि मोजणी पहिल्यापासून. हसण्यात गेलेला वेळ तुला चालत नसे. हे मी तेव्हा पाहत होतो आणि माझ्या ते लक्षात आलं नाही: तू मापाच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक होतास.

मी मालवणच्या साप्ताहिकात लागलो त्या वर्षी पहिल्या पगारातून घड्याळ घेतलं. त्या शिमग्याला मी ते मनगटावर बांधून झऱ्यावर आलो. तू गाऱ्हाणं म्हटलंस, मी काट्यावर नजर ठेवली. कळशी नऊ होकारांत भरली. मी मिनिटं आणि सेकंद वहीत लिहिले. गाऱ्हाण्याची लांबी दरवेळी सारखी कशी राहील, असं मी तुला विचारलं.

"तुझां घड्याळ बंद पडता?" तू विचारलंस.

"चावी दिली नाही तर पडतं."

"माझां गाऱ्हाणां आजून पडूक नाय."

राज्यपुनर्रचनेच्या आदल्या वर्षी गावाने शाळा बांधायची ठरवली. वाशांना आणि तुळयांना लाकूड हवं होतं. सरपंच दाजींनी राईचा माथा सुचवला. शाळेपुरतं लाकूड गावाला, उरलेलं ठेकेदाराला कोळशासाठी, असा व्यवहार. तू देवाला कौल लावलास. देवाच्या पाषाणावर ओल्या बोटाने दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्यास आणि प्रश्न विचारलास. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. तू पाकळ्या गोळा केल्यास. शाळा चांगली झाली. तिचे वासे अजून सरळ आहेत, हेही नोंदवायला हवं.

माथा तुटल्यानंतरच्या शिमग्याला मी पुन्हा घड्याळ घेऊन आलो. पाणी कमी झालं असणार, असं गावात सगळे म्हणत होते. मीही तीच बातमी मनात धरून आलो होतो. कळशी सात होकारांत भरली. घड्याळाचा आकडाही तेच सांगत होता. मी तुला दुसऱ्यांदा मोजायला लावलं. पुन्हा सात.

त्या क्षणी मला झालेला आनंद मी तुझ्यापासून लपवला नाही. एखाद्या वार्ताहराला असं क्वचित मिळतं: सगळा गाव एक बोलतो आहे आणि त्याच्या हातात त्याच्या उलट आकडा आहे. तू कळशी उपडी करून पुसत होतास. मग म्हणालास:

"बाबल, पाणी वाढलां नाय रे. पाणी सुटलां. माणूस जावच्या आधी तेका घाम सुटता, तसां."

मी वहीत लिहून घेतलं.

"ह्याव लिव," तू म्हणालास.

"लिहितो."

"म्हणजे छापतंस मां?"

"हो."

बातमी पुढच्या अंकात आली. मथळा होता, 'राई तोडली, पाणी वाढले'. आकडे बरोबर होते. मोजणीची रीत बरोबर सांगितली होती. तुझं नाव होतं, शुद्धलेखनाची चूकही नव्हती. तुझं वाक्य नव्हतं.

ते मी कार्यालयात कापलं. कारणं तेव्हा मला पटण्यासारखी वाटली: ते मत आहे, ती उपमा आहे, आणि ते पडताळता येत नाही. तुला मी पुढे सांगितलं की जागा नव्हती. ते खोटं होतं. त्या पानाच्या तळाला चार ओळींची जागा उरली होती; ती आम्ही वेलबुट्टीच्या एका नक्षीने भरली. तो अंक माझ्याकडे आहे. काल पुन्हा पाहिला. नक्षीत सहा पानं आणि एक फूल आहे.

पुढल्या वर्षी मधल्या उताराचा प्रश्न आला. या वेळी शाळा नव्हती. रस्त्याचं काम आणि देवळाच्या सभामंडपाचं छप्पर होतं, आणि बाकी सगळा कोळसा. दुपारी देवळात सभा बसली. मी खांबाला टेकून उभा होतो, वहीसह. तू कौल लावलास. डावी पाकळी पडली.

मग दाजींनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझी बातमी होती. त्यांनी ती कापून ठेवली होती.

"देवाक म्हायती अपुरी आसा," दाजी म्हणाले. "आदी ह्यां वाचून दाखवया. मगे इचारूया."

"देवाक पेपर वाचतंस तू?" कोणीतरी मागून म्हणालं. लोक हसले.

"कशाक नाय? गुरवाच्या भाच्यानच लिवल्यान. घड्याळ लावन मोजल्यान."

त्यांनी बातमी देवासमोर मोठ्याने वाचली. मथळा दोनदा वाचला. वाचून झाल्यावर कागद पाषाणाच्या पायाशी ठेवला, वर एक फूल ठेवलं. मग तुला पुन्हा कौल लावायला सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी वहीत खाली पाहिलं, कारण मला दाजींचे शब्द नेमके लिहायचे होते.

दुसऱ्या वेळी उजवी पाकळी पडली.

बाहेर पडताना तू मला एवढंच म्हणालास, "देव बिचारो. तेका वाचूक येणा नाय. आयकान घेतल्यान." मी हसलो. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

मधला उतार एका हंगामात साफ झाला. तिथेच कोळशाच्या भट्ट्या लागल्या, मग उघड्या जागेत गुरं सुटली. त्याच्या पुढच्या शिमग्यालाही पाणी बरं होतं, हे मी लपवणार नाही, आठ होकार. दाजींनी मला निरोप पाठवला की तुझी बातमी खरी ठरली. त्यानंतर आषाढात व्हाळाचं पाणी लाल येऊ लागलं. पूर्वी पाऊस थांबल्यावरही व्हाळ दोन दिवस भरून वाहायचा. आता पावसाबरोबर चढायचा आणि पावसाबरोबर उतरायचा. दोनदा पाट गाळाने बुजला. खालच्या अंगाच्या कुणग्यांत गुडघाभर गाळ बसला. आणि शिमग्याचे होकार वाढत गेले: अकरा, चौदा, एकोणीस. मी येत नव्हतो. आकडे तू माझ्यासाठी ठेवलेस. देवळाच्या भिंतीवर, घंटेच्या मागे, कोळशाने ओढलेल्या रेघा. मी त्या या आठवड्यात मोजल्या.

आता तुझ्या मालवणच्या खेपेबद्दल. याबद्दल आपण कधी बोललो नाही.

गोवा मुक्त व्हायच्या सुमाराची गोष्ट. देवदिवाळी नुकतीच होऊन गेली होती. कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. सीमेकडून येणारा प्रत्येक माणूस बातमी घेऊन येत होता. तू सकाळच्या पहिल्या गाडीने आलास. हातात देवाची कळशी होती, फडक्यात बांधलेली. मी तुला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. तू दुपारी तीनपर्यंत बसलास. मधे कोणीतरी तुला विचारलं, "काय हो, तूप विकूक इलास?" तू म्हणालास, "नाय. माप दाखवूक इलंय."

मी बाहेर आलो तेव्हा तू फडकं सोडलंस आणि कळशी बाकावर ठेवलीस.

"तीस व्हय झाले, बाबल. देवदिवाळीक. शिमगो आजून लांब आसा. वायंगण अर्ध्यान कमी केलंय."

मी वाईट वाटलं असं म्हणालो.

"तां नको. पेपरात परत लिव. दुरुस्ती म्हणतास मां तुम्ही?"

"मामा, दुरुस्ती चुकीची करतात. त्या बातमीत चूक काय आहे?"

"चूक खंय म्हणतंय मी? खरां आसा. अर्धां आसा."

मी तुला समजावू लागलो. तुला, ज्याने कळशी सांडली तर मोजणी पहिल्यापासून केली असती. मी सांगितलं की पाणी नंतर कमी झालं ही वेगळी घटना आहे, त्याची वेगळी बातमी होऊ शकेल, पण ती आता नाही, आता अंकात फक्त गोवा आहे. तू ऐकून घेतलंस.

"आता पन्हळीवरचो तुकडो तेवढो रवलो," तू म्हणालास. "तेवर ठेकेदाराचो डोळो आसा. उद्या माझो कौल कोण आयकतलो? देवळात पेपर वाचललो आसा. तुझ्या पेपरान तोडलां, ता तुझ्या पेपरानच राखूक होया. माका दुसरो इलाज गावणा नाय."

मी म्हणालो, बघतो.

तू कळशी परत बांधलीस. जेवलास का, हे मी विचारलं नाही. मामीने नंतर सांगितलं की नव्हतास जेवला. देवाची कळशी बरोबर होती म्हणून वाटेत कुठे टेकवायची नव्हती.

त्यानंतर दोन वर्षांनी मी मुंबईच्या दैनिकात गेलो. तिथे एका धरणाच्या बातमीसाठी वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना भेटलो. बोलता बोलता मी आपल्या झऱ्याचं कोडं त्यांना घातलं. आधी नऊ, तोडीनंतर सात. ते म्हणाले, यात कोडं काहीच नाही. झाडंही पाणी पितात. ती गेली की त्यांच्या वाट्याचं पाणी काही काळ झऱ्याला मिळतं आणि झरा वाढल्यासारखा दिसतो. पण पावसाचं पाणी जमिनीत मुरवत होतं ते पानांचं आच्छादन, मुळं, भुसभुशीत माती. ती धुऊन गेली, गुरांच्या पायांनी जमीन घट्ट झाली, की पाऊस आत न शिरता वरून निघून जातो. मग उन्हाळ्यात झऱ्याला द्यायला डोंगराकडे काही उरत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पाहून जो निष्कर्ष काढेल तो फसेल, असं ते म्हणाले. हेही म्हणाले की प्रत्येक डोंगर सारखा नसतो. खडक, उतार, तोडीची पद्धत यांवर पुष्कळ असतं, आणि जपून केलेली तोड वेगळी.

मी हे सगळं लिहून घेतलं. वहीचं ते पान समोर आहे. त्यांच्या दीड पानात जे आहे ते तुझ्या एका वाक्यात होतं. आता ते मत राहिलं नव्हतं आणि उपमेची अडचणही नव्हती.

तरीही मी दुरुस्ती लिहिली नाही. तीन वर्षांहून जास्त झाली. वेळ नव्हता असं नाही. मी कधीच दुरुस्ती छापलेली नव्हती, आणि हे लोकांना माझ्याविषयी ठाऊक होतं. ते मला मोडायचं नव्हतं. याखेरीज दुसरं कारण मला शोधूनही सापडलं नाही.

आपलं शेवटचं बोलणं या पौषातलं. पन्हळीला धार राहिली नव्हती. पाणी तिच्या तळाला चिकटून यायचं आणि टोकाशी थेंब व्हायचा. पन्हळीवरच्या तुकड्यातल्या झाडांवर, माणसाच्या छातीच्या उंचीला, डांबराच्या खुणा होत्या. ठेकेदाराच्या माणसाने केलेल्या. आपण दोघं तिथे उभे राहिलो. मला वाटत होतं, आता तू विचारशील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तू माझ्या मनगटाकडे पाहिलंस.

"घड्याळ चालता मां?"

"चालतं."

"चावी देतंस मां?"

"देतो."

"बरां."

एवढंच. घरी मामीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "पी. खालच्या वाडयेतलां आसा, पण गोड आसा." तू तिच्याकडे रागाने पाहिलंस. पाहुण्याला पाणी कुठलं ते सांगायचं नसतं.

दहाव्या दिवशी, दशक्रियेहून परतल्यावर, मामीने मला मागच्या दारी बोलावलं. ती म्हणाली, "बाबल, एक सांगतंय. तां आता लपवन काय करू?" देवळातल्या त्या दुपारी, दाजींनी बातमी वाचल्यानंतर, तू दुसऱ्यांदा पाकळ्या लावल्यास तेव्हा उजव्या पाकळीला पाणी कमी घेतलंस. ती लवकर पडावी म्हणून. घरी येऊन तू तिला सांगितलंस आणि दोन दिवस जेवला नाहीस. तिने विचारलं, असं का केलंत? तू म्हणालास, "देवान डावो दिल्यान तर सगळ्या गावात भाच्याचां छापललां खोटां पडतला. तेची नोकरी नवी आसा."

साक्षीदार एकच. त्यामुळे हे अपुष्ट आहे. मी मामीला उलटसुलट विचारलं, सवयीप्रमाणे. पाकळी कुठल्या फुलाची होती? "अबोलेची." त्या दिवशी अबोलीच होती, माझ्या वहीत आहे. बाकी काही पडताळता येत नाही. मामा, तूच पडताळून देऊ शकला असतास. मी तुला कधी विचारलं नाही, कारण त्या वेळी मी वहीत खाली पाहत होतो.

तू अकरा वर्षं ते सांभाळलंस. माझ्याकडून मागितल्यास चार ओळी.

काल, अकराव्या दिवशी, सकाळी मी देवळातून कळशी घेतली. मामी म्हणाली, "मी येतंय." मी म्हटलं, तू कशाला चढतेस. ती म्हणाली, "मगे व्हय कोण म्हणतला? तुझां घड्याळ?" घड्याळ मी घरी काढून ठेवलं होतं. आम्ही कळशी पन्हळीखाली ठेवली. गाऱ्हाणं मला येत नाही असं मी तिला सांगणार होतो. पण सुरू केल्यावर कळलं की मला ते येतं, तुझ्या थांब्यांसकट. मामी माझ्या मागे उभी राहून होकार भरत होती. मध्येच एकदा म्हणाली, "बेगीन सांगू नको. चुलीर काय नाय." साठाच्या पुढे तिचा आवाज बसला. ती खडकावर बसली आणि तिथून म्हणत राहिली. ऐंशीला मी थांबलो. कळशीच्या तळाला बोटभर पाणी होतं. मी ते ओतलं नाही; मामीने ते तुकड्यातल्या पहिल्या झाडाच्या मुळाशी घातलं.

घंटेमागच्या भिंतीवर रेघा ओढायला जागा उरली नव्हती. खाली, जमिनीलगत, मी ऐंशी असं अक्षरात लिहिलं. पुढे लिहिलं: कळशी भरली नाही.

वैशाखात देवळात सभा आहे. विषय पन्हळीवरच्या तुकड्याचा. दाजी वारले, नवे सरपंच दाजींचे धाकटे भाऊ आहेत. तुझ्यानंतर कौल कोणी लावायचा हे गावाने अजून ठरवलेलं नाही. मी सरपंचांना भेटलो. सभेत कागद वाचायला देणार का, असं विचारलं. ते म्हणाले, "वाचान दाखवलास तर आयकतत. देव काय म्हणता तां मगे." तो कागद असा आहे. पंचांपैकी जो वाचेल त्याने मथळ्यासकट वाचावा, आणि दोनदा वाचावा.

'दुरुस्ती. "राई तोडली, पाणी वाढले" या मथळ्याची बातमी मी बारा वर्षांपूर्वी लिहिली. तिच्यातले आकडे खरे आहेत. बातमी अर्धी आहे. झऱ्याची मोजणी करणारे सदाशिव गुरव यांनी त्याच वेळी, त्याच जागी मला सांगितलं होतं: पाणी वाढलां नाय, पाणी सुटलां. माणूस जावच्या आधी तेका घाम सुटता, तसां. हे वाक्य मी लिहून घेतलं, छापतो म्हणून सांगितलं, आणि कापलं. जागा होती. त्यानंतरच्या वर्षांत झऱ्याचं पाणी कसं कमी होत गेलं, याच्या त्यांनी स्वतः ठेवलेल्या खुणा देवळाच्या भिंतीवर, घंटेच्या मागे आहेत. कोणीही मोजून पाहाव्यात.'

या कागदाची एक प्रत मी देवळात पाषाणाच्या पायाशी ठेवली. फूल ठेवलं नाही.

पन्हळीवरच्या तुकड्यात लहानमोठी मिळून एक्केचाळीस झाडं आहेत. त्यांपैकी तेवीस झाडांवर डांबराची खूण आहे. आज सकाळी एसटी वळणावर आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तोपर्यंत एक्केचाळीसही उभी होती.